तुझ्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय सुमन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चिनूला मत्स्यविज्ञानाला जायचंय, आणि मुलीच्या जातीला ते झेपेल का, ही तुझी काळजी. झेपतं गं. सव्वीस वर्षं मी हेच करतेय.

पहाटे पाचला गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर जाते. ट्रॉलरवरून टोपल्या उतरल्या की लिलावाआधी थोडे मासे मागून घ्यायचे. बांगडा पट्टीवर ठेवून लांबी मोजायची, वजन करायचं, पोट चिरून गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, भरलीय की रिती झालीय ते पाहायचं. ढोमा नावाच्या माशाच्या डोक्यातून कानातला खडा काढायचा. तो घासून पातळ केला की सूक्ष्मदर्शकाखाली खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून वय कळतं. कोवळ्या पिल्लाच्या खड्यात तर दिवसाला एक. पहिल्यांदा ती मोजली तेव्हा मला जेवण सुचलं नव्हतं.

पण मोजमाप म्हणजे सगळं नव्हे, हे मला बाबांनी शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला एका सप्टेंबरात तळाचे मासे काठाजवळ भरपूर मिळाले. मी वहीत 'हंगाम उत्तम' असं लिहिलं. बाबांनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात जन्म घातलेला. ते म्हणाले, "चरायला नाही आलेत गो ते, पळून आलेत." खरंच होतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर खोलातलं कमी प्राणवायूचं पाणी वर सरकतं, आणि ऑक्टोबरपर्यंत ते तळाशी दबा धरून असतं. मासा श्वासासाठी उथळ पाण्याकडे धावतो. माझा आकडा बरोबर होता, अर्थ साफ चुकला होता. तेव्हापासून तांडेलाशी, बोटीच्या म्होरक्याशी, बोलल्याशिवाय मी वही मिटत नाही.

सगळ्यात जड जातं ते माणसांसमोर उभं राहणं. मासे अंडी घालतात म्हणून १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. ज्याच्या डोक्यावर बोटीचं कर्ज आहे त्याला गाबोळीचं महत्त्व सांगताना माझा घसा कोरडा पडतो. तरी सांगावंच लागतं. बोटाएवढे कोवळे बांगडे पकडून खताला गेलेले मी पाहिलेत.

चिनूनं बारावीनंतर रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षं करावीत. पुढे मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. समुद्राच्या पाण्याचाच अभ्यास आवडला तर दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था घराजवळच आहे, १९६६ पासूनची.

आधी तिला मे महिन्यात आठ दिवस माझ्याकडे पाठव, बंदी लागण्यापूर्वी. गमबूट माझे होतील तिला. पहाटे चारला उठावं लागेल एवढं सांगून ठेव.

तुझी,
शालू