विषय: अपडेटनंतर फोन माझा नंबर परस्पर लपवतो, त्याविषयी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या प्रतिनिधीशी आज झालेल्या बोलण्यानंतर त्या क्रमांकावर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून थेट आपल्याला लिहीत आहे.

सॉफ्टवेअर अपडेट झाल्यापासून पहिल्या सिमवरून केलेला प्रत्येक कॉल समोरच्याला 'खाजगी नंबर' म्हणून दिसतो. कॉलर आयडीच्या सेटिंगमध्ये 'नंबर दाखवा' निवडले, तरी फोन बंद करून चालू केला की तिथे पुन्हा 'नंबर लपवा' आलेले असते. हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले, किंवा याच फोनवर नंबराआधी *३१# हा त्या कॉलपुरता नंबर दाखवणारा कोड लावून कॉल केला, की माझा नंबर व्यवस्थित दिसतो. म्हणजे नेटवर्कची आडकाठी नाही. लपवण्याची सूचना आपला फोनच पाठवत आहे.

हे सगळे क्रमाने सांगितल्यावर प्रतिनिधींनी मला सिम कंपनीकडे जायला सांगितले. तिथून 'आमच्याकडून कोणतेही बंधन नाही' असे उत्तर मिळालेच आहे, असे मी म्हणाले, तेव्हा फॅक्टरी रीसेट सुचवला. त्याने दोष जाईल याची खात्री मात्र देईनात. शेवटी म्हणाले, "कोड लावला की नंबर दिसतो ना? मग दर वेळी कोड लावूनच फोन करत जा." साठवलेल्या प्रत्येक नंबराआधी मी हाताने कोड टाकायचा का, असे विचारल्यावर उत्तर आले, "मॅडम, फोन लागतोय ना? मग तक्रार नेमकी कशाची आहे?" आणि माझे बोलणे संपण्याआधीच तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद करण्यात आली. दोष कुठे आहे हे दाखवण्यासाठी मी जी चाचणी केली, तीच उपाय म्हणून माझ्या गळ्यात मारली गेली, याचा मला संताप आहे.

फोन लागतो, पण उचलला जात नाही. नंबर न दिसणारा कॉल लोक फसवणुकीचा समजून टाळतात, आणि असे कॉल आपोआप अडवण्याची सोय आपण स्वतःच आपल्या फोनमध्ये दिलेली आहे. नंबर लपवायला मी कधीही सांगितलेले नाही. आपल्या कंपनीवर विश्वास ठेवून मी घरच्यांनाही हेच फोन घ्यायला लावले, त्याचा आज पश्चात्ताप होतो.

बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी, ती तांत्रिक विभागाकडे द्यावी आणि दुरुस्तीचे अपडेट कधी मिळेल हे १५ दिवसांत लेखी कळवावे. तसे न झाल्यास मी ग्राहक न्यायालयात दाद मागेन आणि त्या संभाषणाचे आपण केलेले ध्वनिमुद्रण तिथे सादर करण्याची मागणी करेन.

आपली,
एक ग्राहक