चि. सोनूस, खेळांच्या खोक्यासोबत

सांगली, खणभाग
रविवार, रात्री उशिरा

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या सकाळी तुझ्या नावाचे एक खोके कुरियरने निघेल. त्याला चिकटपट्टी लावण्यापूर्वी हे पत्र आत घालायचे आहे, म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसलो आहे. गेल्या रविवारी फोनवर मी ज्या सुरात बोललो, त्या सुरात बोलायला नको होते. डेंग्यू होऊन, तीन दिवस सलाइन लावून, तू परत कामावर रुजू झाल्यावर आम्हाला ते कळावे, याचा राग आला आणि तो आवरला नाही. “सांगून तुम्ही तिथून काय करणार होतात?” असे तू विचारलेस आणि मी फोन ठेवून दिला. रात्रीच्या बसमध्ये बसलो असतो तर सकाळी बंगळूरला पोहोचलो असतो, एवढे साधे उत्तर मला फोन ठेवल्यावर सुचले. पण या विषयावर पत्रात एक ओळही लिहिणार नाही असे तुझ्या आईला कबूल केले आहे, तेव्हा तो विषय इथेच थांबवतो.

तू पाठवलेली फाइल मी छापली. नऊ पत्त्यांचा तो खेळ टोमाश उहलीर्झ नावाच्या माणसाने २०१९ मध्ये घरी छापायच्या खेळांच्या एका स्पर्धेसाठी केला आणि पुढच्याच वर्षी तो ‘अंडर फॉलिंग स्काइज’ या नावाने मोठ्या खोक्यात विकायला आला, हे तूच सांगितलेस. मला त्याचे नियम समजायला दोन रात्री लागल्या. आकाशातून शत्रूची याने रांगेरांगेने खाली उतरत असतात आणि आपण आपले शहर वाचवायचे असते. मोठ्या आकड्याचा फासा मांडला की आपले काम जास्त होते, पण त्या रांगेतले यान तितकीच घरे खाली येते. ही अडचण ज्याने योजली त्याच्या डोक्याला मी नमस्कार केला. नऊ पत्ते म्हणजे ए-फोर कागदाचे एकच पान, आणि त्या एका पानात माणसाला तासभर खिळवून ठेवायचे, ही कारागिरी आहे. मात्र फाइलबरोबर तू लिहिले होतेस, “बाबा, हा एकटीने खेळायचा आहे, म्हणून बरा.” तो शब्द मला अजून बोचतो आहे. आजारातही तू एकटीच होतीस ना? पाण्याचा तांब्या कोण भरून ठेवत होते? असो.

आता कामाचे सांगतो, कारण पुढचे खेळ तू तिथेच करणार आहेस. अशा फाइली बहुधा अमेरिकेतल्या लोकांनी केलेल्या असतात आणि त्यांचा ‘लेटर’ कागद आपल्या ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि बराच आखूड असतो. दुकानातला मुलगा सवयीने ‘फिट टू पेज’ दाबतो, पत्ते बारीक होतात आणि दोन वेगवेगळ्या दिवशी छापलेले पत्ते एकमेकांत मिसळत नाहीत. त्याला शंभर टक्के मापानेच छापायला सांग आणि पहिले पान आल्यावर पट्टी लावून मोज. नेहमीचा पत्ता ६३ × ८८ मिलिमीटरचा असतो आणि एका ए-फोरवर नऊ बसतात. साधा ७० किंवा ८० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचे माप, आकडा मोठा तितका कागद जाड) कागद घेऊ नकोस, मागून सगळे दिसते. २५० ते ३०० जीएसएमचे कार्ड माग. पाठपोट छपाईच्या भानगडीत शक्यतो पडू नकोस. छोट्या यंत्रावर कागद एक-दोन मिलिमीटर सरकतोच, रजिस्टर, म्हणजे पुढची आणि मागची छपाई, नेमके जुळत नाही, आणि पाठीला चौकट असेल तर कुठला पत्ता कुठला हे मागूनच ओळखता येते. पाठ कोरी ठेवावी, किंवा चौकट नसलेली, कडेपर्यंत भरलेली नक्षी घ्यावी. मी तुझ्या नऊ पत्त्यांना मागून आपल्याकडचा उरलेला मरून कार्डाचा कागद लावला आहे; तो ताईच्या लग्नपत्रिकेचा आहे, ओळखशील.

चिकटवताना फेव्हिकॉल पातळ करून लावशील तर पुठ्ठा पापडासारखा वाकेल. आम्ही छापखान्यात खळ वापरत असू, त्यात किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद असे, पण ते विषारी असते, स्वयंपाकघराच्या जवळही आणू नकोस. तुला कांडीचा गोंद पुरे. पातळ थर दे, वरून कोरा कागद ठेवून हाताने मधून कडेकडे दाब आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेव. कापताना स्टीलची पट्टी आणि नवे पाते घे, आणि एका दमात कापायचा हट्ट धरू नकोस. तीन-चार हलक्या हातांनी पाते फिरवले की कड स्वच्छ येते. पट्टी धरलेल्या हाताची बोटे पात्याच्या वाटेवर येऊ देऊ नकोस. माझ्या डाव्या अंगठ्याकडे पाहून तू लहानपणी विचारायचीस, “हे नख असे का?” त्याचे उत्तर तेच आहे. प्लेटलेट कमी होऊन गेल्या आहेत, म्हणून पात्याच्या बाबतीत तर मी दोनदा सांगतो. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले होते ते केलेस का? उत्तर फोनवर दिलेस तरी चालेल.

तुझ्या एका खेळाबरोबर मी आणखी चार घातले आहेत, आणि ते सगळे दोघांनी किंवा जास्त जणांनी खेळायचे आहेत. हे मी मुद्दाम केले आहे, ते लपवत नाही.

पहिली नवकंकरी. तिला फाइलही लागत नाही. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, चोवीस बिंदू आणि प्रत्येकाच्या नऊ कंकऱ्या. तीन एका ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि गडांवर हा पट कातळात कोरलेला सापडतो. छापण्याच्या आधीचे हे छापणेच म्हणायचे, एकदा कोरला की पिढ्यान्‌पिढ्या फुकट. तुझ्या पटाच्या सोंगट्या म्हणून मी एका बाजूला चिंचोके आणि दुसऱ्या बाजूला हळकुंडाचे तुकडे दिले आहेत. सांगलीची हळद आहे, पिशवी उघडताच घराचा वास येईल. आई म्हणाली, “सोंगट्या संपल्या की दुधात घालून पी म्हणावे.”

दुसरा बाघचाल, नेपाळचा खेळ, आपल्या वाघबकरीचा सख्खा भाऊ. चार वाघ, वीस बकऱ्या. बकरीच्या मागचे घर रिकामे असेल तरच वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. मागे दुसरी बकरी उभी असेल तर त्याचे काही चालत नाही. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले, आणि वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या. सोनू, त्या परक्या शहरात तुझ्या मागच्या घरात कोण उभे आहे, हे मला माहीत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीचे नाव तू दोन वर्षांत एकदाही घेतलेले नाहीस. माणसाने थोडे माणसांत मिसळावे, दार उघडे ठेवावे, कुणाला चहाला बोलवावे, आपण कुणाकडे जावे... हे वाचून तू डोळे फिरवलेस ते मला इथून दिसले. खेळाचे नियम सांगता सांगता मी व्याख्यान सुरू केले, त्याबद्दल माफ कर.

तिसरा पत्त्यांचा जोड आहे, त्याचे नाव ‘डेकटेट’. पी. डी. मॅग्नस या अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने तो तयार केला. त्यात इस्पिक-बदाम नाहीत. चंद्र, सूर्य, लाटा, पाने, नाग आणि गाठी असे सहा रंग आहेत, आणि दुर्रीपासून नव्वीपर्यंतचा प्रत्येक पत्ता एकाच वेळी दोन रंगांचा असतो. एकूण पत्ते ३६, म्हणजे फक्त चार पाने. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याला १२० गोल पत्ते हाताने रंगवावे लागतात, त्याच्या तुलनेत हे एका संध्याकाळचे काम आहे. या एका जोडावर लोकांनी कितीतरी वेगवेगळे खेळ रचले आहेत, म्हणून पहिल्यांदा करण्यासारखी गोष्ट कोणती असे कुणी विचारले तर मी हीच सांगेन. मॅग्नस यांनी तो मोकळ्या परवान्यावर दिला आहे: छापा, खेळा, वाटा, बदलासुद्धा, पण विकू नका आणि मूळ कर्त्याचे नाव ठेवा. मी खोक्याच्या झाकणावर त्यांचे नाव छापले आहे.

हे नाव छापण्यावरून एक आठवले. मागच्या महिन्यात एक गृहस्थ दुकानातला विकतचा खेळ घेऊन आले आणि त्याच्या पन्नास प्रती काढून द्या म्हणाले. मी नाही म्हटले. पैसे बरे मिळाले असते, पण जो फुकट देतो त्याचे फुकट घ्यावे आणि जो विकतो त्याचे विकत घ्यावे, एवढा साधा हिशेब आहे. अमेरिकेत जेम्स अर्नेस्ट नावाच्या गृहस्थाने १९९६ मध्ये एक कंपनी काढली, तिचे नाव मी इथे लिहीत नाही, ते आजीसमोर वाचण्यासारखे नाही. फासे आणि सोंगट्या प्रत्येक घरात असतातच, त्या पुन्हा पुन्हा कशाला विकायच्या, असे म्हणून तो नुसता पट आणि पत्ते स्वस्त कागदावर छापून पाकिटात घालून विकत असे. मला हा माणूस आवडला. आपल्याकडच्या ट्रेडल मशीनवर, त्या पायाने चालवायच्या जुन्या छपाईयंत्रावर, त्याची कामे सहज झाली असती. मशीन भंगारात गेले तेव्हा तू बारावीत होतीस आणि मी रडलो नव्हतो, हे तू सगळ्यांना सांगतेस. तू क्लासला गेलीस त्यानंतरचे तुला माहीत नाही.

आणि २०१९ चा ऑगस्ट आठवतो का? आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. खालच्या खोलीतला कॅरम, सापशिडी, रिमांवर रिमा कागद, सगळे चिखलात गेले आणि आपण विश्रामबागला मामाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत नऊ माणसे. वीज नव्हती. तू माझ्या पिशवीत राहून गेलेले लग्नपत्रिकांचे नमुने काढलेस, आजीच्या कात्रीने कापलेस आणि काजळाच्या कांडीने त्यांवर पत्ते काढलेस. मामाच्या शेजाऱ्यांची मुलेसुद्धा त्या खोलीत येऊन बसली. पाणी उतरून घरी जायचे ठरले तेव्हा ती मुले डाव अर्धा राहिला म्हणून हिरमुसली होती. त्या दिवसांत माझे सगळे बुडाले होते आणि तरीही तुझ्याकडे पाहून मला वाटले होते की या पोरीची काळजी करावी लागणार नाही. ही जिथे बसेल तिथे चार माणसे गोळा करील. तीच मुलगी तीन दिवस इस्पितळात एकटी होती, हे मला जुळवता येत नाही, छपाईचे खिळे उलटे बसावेत तसे होते. लिहिणार नाही म्हटले होते आणि पुन्हा तिथेच आलो.

शेवटचा खेळ हेक्स. डेन्मार्कच्या पीट हाइनने तो १९४२ मध्ये शोधला आणि अमेरिकेत जॉन नॅशने १९४८ मध्ये स्वतंत्रपणे पुन्हा शोधला. षट्कोनी घरांचा ११ × ११ चा पट, एकाने वरची आणि खालची कड जोडायची, दुसऱ्याने डावी आणि उजवी. एकदा लावलेली सोंगटी हलत नाही, मारली जात नाही. डेन्मार्कमध्ये तो छापील कागदांच्या पॅडवर विकत असत, तेव्हा मीही तसेच पन्नास पानांचे पॅड बांधले आहे, पेन्सिलने खेळता येईल. याची खरी गंमत म्हणजे यात बरोबरी होऊच शकत नाही. बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत वाढलेल्या मुलीला बुद्धिबळ खेळावेच लागले, आणि दहाव्या वर्षी जिंकत आलेला डाव बरोबरीत सुटला म्हणून तू घरापर्यंत सायकलच्या दांडीवर रडत आलीस. त्या दिवशी मला हेक्स माहीत असता तर बरे झाले असते. पहिल्या खेळाडूपाशी जिंकण्याचा मार्ग असतोच, हे नॅशने सिद्ध केले, पण ती सिद्धता तो मार्ग दाखवत नाही. म्हणून पहिली खेळी झाल्यावर दुसऱ्याने हवे तर बाजू बदलून घ्यावी, असा नियम लोकांनी केला आहे.

पॅडच्या पहिल्या पानावर मी माझी पहिली खेळी करून ठेवली आहे. घरांना वरून क, ख, ग आणि बाजूने १, २, ३ असे आकडे घातले आहेत, त्यामुळे रोज रात्री एक खेळी फोनवर सांगता येईल. बोलायला वेळ नसेल तर नुसते “च ७” असा संदेश पाठव. हे मी कशासाठी करतो आहे ते तुला कळेल, आणि कळले तरी खेळ.

बाजू बदलायची की नाही, ते खोके मिळाल्यावर कळव.

तुझे
बाबा

ता. क. डब्यात आईने मेतकूट आणि आजीने सुपारीएवढे डिंकाचे लाडू घातले आहेत. लाडूंच्या डब्याखालचा पुठ्ठा टाकू नकोस, तो चांगला दोन मिलिमीटरचा आहे, बाघचालचा पट त्यावर चिकटव.