आजारी माशाला औषध देण्याआधी पाणी तपासावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरातले कुत्रे किंवा मांजर आजारी पडले तर आपण त्याला पशुवैद्यकाकडे नेतो. फिशटँकमधला मासा आजारी पडला की मात्र ज्याच्याकडून तो विकत घेतला त्या दुकानदाराला विचारतो आणि तो देईल ती बाटली घरी आणून पाण्यात ओततो. गेल्या जानेवारीत मीही तेच केले आणि आठवडाभरात माझ्या नातवाच्या अकरा मोली माशांपैकी आठ मेले. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवूनही मी पाणी न तपासता औषध ओतले, याची खंत मनातून जात नाही. इतर घरांत तसे होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या माशांच्या अंगावर रव्याचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले होते आणि ते तळच्या वाळूवर अंग घासत होते. मासे पाळणारे या रोगाला ‘व्हाइट स्पॉट’ किंवा नुसते ‘इक’ म्हणतात. इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली शिरून तिथे पोसला जातो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे तोच. पुरेसा वाढला की तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जाऊन त्याची शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात. या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाचा किंवा मिठाचा परिणाम होतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. त्वचेखालच्या आणि कवचातल्या परजीवीपर्यंत तो पोहोचतच नाही. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे सारे चक्र सुमारे आठवड्याभरात पुरे होते, थंडीत त्याला बराच जास्त वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले म्हणून मी औषध थांबवले, आणि नेमक्या त्याच वेळी तळाशी पुढची पिढी तयार होत होती. उपचार किमान दहा ते चौदा दिवस, ठिपके गेल्यानंतरही, चालू ठेवायचे असतात, हे मला दुकानात कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

दुसरी चूक मापाची होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत कागदोपत्री सुमारे ५७ लिटर पाणी मावते, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ते जेमतेम ४५ लिटर भरते. औषधाचे थेंब या खऱ्या आकड्यावर मोजावे लागतात. औषध घालण्यापूर्वी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. मोली किंवा गप्पींसारख्या माशांना साधे खडेमीठही चांगले लागू पडते: लिटरला एक ग्रॅमपासून, म्हणजे वरच्या टाकीसाठी ४५ ग्रॅमपासून सुरुवात करून दोन-तीन दिवसांत हळूहळू दोन ग्रॅमपर्यंत जावे. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवूनच घालावे. टाकीत पाणवनस्पती किंवा कोरिडोरससारखे मासे असतील तर त्यांना मीठ सोसत नाही, हे लक्षात ठेवावे.

या सगळ्याच्या आधी तपासायचे ते पाणी. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे किट बाजारात मिळते. दोन्ही शून्य असायला हवेत. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो तेव्हा पुष्कळदा रोग नसतोच, पाण्यातल्या अमोनियाने त्याचे कल्ले भाजलेले असतात. अशा वेळी पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणे हाच खरा उपचार. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे हवे. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुण्याची आपली सवयही घातक आहे, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजवर वाढलेले असतात आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो. मिथिलिन ब्लूसारखी निळी औषधेही या जिवाणूंना बाधतात, म्हणून ती शक्यतो वेगळ्या टाकीत वापरावीत.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती पिवळ्या कॅप्सूलची. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाका, असा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. इक हा जिवाणूंचा रोग नाही, त्यामुळे प्रतिजैविकाचा त्यावर काही उपयोग होत नाही. फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मात्र मरू शकतात आणि टाकीतले औषधी पाणी गटारातून नाल्यात जाते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत आहेत हे आपण रोज वाचतो. माणसाला जे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा कायदा आहे, ते माशासाठी सहज हाती पडावे, हे मला गंभीर वाटते.

आपल्या राज्यात रत्नागिरीजवळ शिरगावला, उदगीरला आणि नागपूरला मत्स्य महाविद्यालये आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. माशांचे रोग हा तिथल्या अभ्यासाचाच भाग आहे. या संस्थांनी आठवड्यातून एक सकाळ घरगुती मासे पाळणाऱ्यांसाठी दूरध्वनीवर सल्ला द्यावा आणि शक्य तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीची सोय करावी, अशी माझी विनंती आहे. दुकानदारांनी माशाच्या पिशवीवर तो दुकानात कधी आला ती तारीख लिहावी. ग्राहकांनीही नवा मासा थेट जुन्या टाकीत न सोडता तीन आठवडे वेगळा ठेवावा. आमच्या टाकीत हा रोग बाजारातून आणलेल्या दोन नव्या माशांबरोबरच आला होता.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका, डोंबिवली