टांडावरचा तंबू उतरवण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही इंदूरला येतोय, आणि सिमरोलच्या पुढे काकांच्या शेतावर एक रात्र तंबूत काढायची हे ठरलं. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "त्यात काय, सतरंजी टाकली की झालं!" एवढ्यावर ह्या वेळी भागणार नाही. दहाव्या वर्षी सतरंजीवर झोप लागते, चाळिशीत पाठ धरते, आणि पंचाहत्तरीत जमिनीवरून उठायलाच दुसरा माणूस लागतो. म्हणून आम्ही पोचायच्या आधी काय काय करून ठेवायचं ते लिहिते आहे.

आधी तंबू. टांडावरून, म्हणजे माळ्यावरून, तो तुम्ही स्वतः उतरवायचा नाही, शेजारच्या मुलाला हाक मारा. तो जाड सुती कॅनव्हासचा आहे, म्हणजे वजनदार आणि नाजूक दोन्ही. गच्चीवर पसरून कोरड्या ब्रशने झाडा. साबण, सर्फ काही लावू नका, कापडावरचा पाणी अडवणारा थर त्याने निघून जातो. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. कधीतरी ओलाच घडी करून ठेवला गेला असणार. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना धरून जरा ताणून बघा. कापड टरकलं तर तिथे ठिगळ लागेल, टिकलं तर नुसता डाग आहे, राहू द्या.

मग गच्चीवरच उभा करून पाइपने पाणी मारा आणि पूर्ण वाळू द्या. असं दोनदा करा. सुती धागा भिजला की फुगतो आणि शिवणीची भोकं बुजवतो, त्यामुळे पहिल्या वेळी गळलेली शिवण दुसऱ्या वेळी बहुतेक गळत नाही. तरी गळली तर वाळल्यावर तिथे मेणबत्ती घासा. भिजलेल्या कापडाला आतून बोट लागलं की तिथूनच थेंब ठिबकायला लागतो, म्हणून पलंग भिंतीपासून वीतभर आत ठेवायचा. पावसाळा नसला तरी पहाटेचं दव कापड ओलंचिंब करतं.

दोऱ्या सुतीच असतील तर रात्री थोड्या ढिल्या सोडायच्या. भिजल्यावर त्या आखडतात आणि खुंट्या उपटतात. नायलॉनचं उलटं, ती ओली झाली की लोंबते. खुंट्या मोजून ठेवा. जुन्या आखूड खुंट्या माळव्याच्या काळ्या मातीत टिकत नाहीत: वाळली की माती भेगाळते, ओली झाली की लोण्यासारखी सोडते. लोहाराकडून बारा मिलीमीटर सळईचे दीड फुटी तुकडे करून आणा, एका टोकाला आकडा, दुसऱ्याला धार. ठोकताना खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, म्हणजे दोरीचा ताण तिला मातीत रुतवतो. प्रत्येक दोरीला पांढरी चिंधी बांधायची. रात्री लघवीला उठलेला माणूस दोरीतच पाय अडकून पडतो.

आता झोपायचं. माझा सगळा जोर इथेच आहे. इंदूरला डिसेंबरअखेर पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, थंडीची लाट आली तर आणखी खाली. शेतावर शहरापेक्षा गारच. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक करणाऱ्यांनी ती बहुधा खिडकीतून बघितली असावी. माणसं वरून रजया घेतात आणि खालून गारठतात, कारण अंगाखाली कापूस चेपला गेला की त्यातली हवा जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. तीन रजया असतील तर दोन अंगाखाली, एक वर. तुम्हा दोघांसाठी घडीचे नवारीचे पलंग घेऊ. पण पलंगाखालून गार हवा फिरते, त्यामुळे त्यावरही खाली रजई लागतेच, आणि तिच्याखाली वर्तमानपत्राचे सात-आठ पदर. पायांखाली फळीचे तुकडे ठेवायचे, नाहीतर पलंग मातीत रुततो. पलंगाची उंची तुमच्या गुडघ्याइतकी हवी, त्याहून बुटका असला तर उठता येणार नाही. नात जमिनीवर झोपेल, तिला दोन गाद्या पुरतात. ती रात्रभर पांघरूण फेकते म्हणून मोजे आणि कानटोपी घालूनच झोपवीन.

तंबूची खिडकी आणि दाराचा वरचा भाग उघडा ठेवायचा. आई, तुला हे पटणार नाही, पण आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ कोंडली की ती कापडाला आतून लागते आणि पहाटे अंथरुणावर टपकते. आणि शेगडी किंवा कोळशाची सिगडी आत आणायची नाही, विझत आलेली तर मुळीच नाही. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

जागा मी फोटो बघून ठरवली आहे: खळ्याच्या वरच्या बाजूचं आंब्याचं झाड. उघड्यापेक्षा झाडाखाली दव कमी पडतं. गव्हाला पाणी सोडलेल्या वाफ्यांजवळ नको, तिथे ओल असते. खोलगट जागीही नको, गार हवा उतरून तिथेच साठते. काकांना एवढं विचारा, आंब्यावर आग्या मोहोळ तर नाही ना? असलं तर दुसरं झाड, कारण गोवऱ्यांच्या धुराने माशा उठतात. दार पूर्वेला ठेवू, सकाळचं ऊन सरळ आत येतं.

नर्मदेच्या वाळूत तंबू लावायची तुझी इच्छा मला माहीत आहे, आई. पण वर धरणं आहेत आणि पाणी सोडलं की काठ रात्रीत बदलतो. एप्रिल २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीच्या मेळ्यात इंदिरा सागर धरणाचं पाणी चढलं आणि माणसं वाहून गेली. दर्शनाला दिवसा महेश्वरला जाऊ, घाटावर बसू, संध्याकाळी परत. चोरलच्या जंगलातही नको, तिथे बिबट्याचा वावर आहे.

जेवण दाल-बाफलेच. सहा माणसांना एक किलो जाडसर कणीक, पाव किलो मक्याचं पीठ, दोनशे ग्रॅम तुपाचं मोहन, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. पीठ घट्ट मळून आण, आई, गोळे तिथे वळू. उकळत्या पाण्यात सोडले की बुडतात, शिजले की वर येतात. वर आल्यावरही पाच मिनिटं राहू दे, नाहीतर पोटात कच्चे राहतात. मग अर्धा तास कापडावर सुकवायचे. ओलेच निखाऱ्यावर गेले तर साल चिकटून फाटते. गोवऱ्यांची ज्योत पूर्ण बसून वर राख धरल्याशिवाय एकही बाफला ठेवायचा नाही. बाबा घाई करतात, म्हणून चिमटा माझ्याकडे.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे तीस लिटर पाणी घरूनच नेऊ. कमोडची खुर्ची तंबूमागे आडोशाला राहील, बाबा, लाजू नका. प्रत्येकाच्या उशाला एक टॉर्च, आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे. बीपीच्या गोळीने रात्री वारंवार उठावं लागत असेल तर तिची वेळ आत्ताच डॉक्टरांना विचारून घ्या, तिथे गेल्यावर आपल्या मनाने बदलू नका.

रविवारी फोन करते. तोवर खुंट्या किती निघाल्या, तंबूचं दार किती इंच रुंद आहे आणि घडी उघडल्यावर पलंग त्यातून आत जातो का, तेवढं मोजून ठेवा.

तुमची,
धाकटी