आबांच्या ४०७ ला नवं इंजिन

सातारा,
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आबांची ४०७, म्हणजे टाटांचा तो छोटा ट्रक, भंगारात द्यायची नाही, तिच्यात नव्या जमान्याचं कॉमन रेल इंजिन (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबानं डिझेल देणारं) बसवायचं, असं तू ठरवलंयस हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. १९९४ ची गाडी, एमएच १० ची, चॅसी अजून सरळ, केबिनला गंज नाही. अशी गाडी आता शोधून मिळत नाही. आबांनी तिच्यावर तासगावची द्राक्षं आणि बेदाणा वाहून तुम्हा भावंडांची शिक्षणं केली, हे मला वेगळं सांगायला नको. म्हणूनच हे पत्र लांबणार आहे. काम अर्धवट राहून ती गाडी तुझ्या गोठ्याशेजारी उभी राहिलेली मला बघवणार नाही.

तू विचारलंस, कोणतं इंजिन घेऊ आणि किती पैसे धरू. मी उलट्या बाजूनं सुरुवात करतो. आधी कागद, मग पैसे आणि सगळ्यात शेवटी इंजिन. आमच्या शेडमध्ये अडकून पडलेल्या ज्या गाड्या येतात, त्या बहुतेक याच कारणानं अडकलेल्या असतात. स्वस्तात इंजिन मिळालं म्हणून घेतलेलं असतं आणि बाकी सगळं 'बघू नंतर' म्हणून सोडलेलं असतं. गेल्या वर्षी असाच एक ट्रक ऐन हंगामात दारात उभा होता. इंजिन बसलं होतं, पण ते ज्या गाडीतून काढलं तिथं वायरिंग कापून टाकलेलं. मालक रोज येऊन टपावर हात ठेवून उभा राहायचा.

कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीनं मूळ जे ठरवून दिलं आणि आरसीत जे लिहिलं, त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी लागते, बदल झाल्यापासून १४ दिवसांत कळवावं लागतं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. तुझी गाडी पिवळ्या पाटीची, तिला दर वर्षी पासिंग आहे. तिथं इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर गाडी तिथंच थांबेल. विम्याचंही तेच. अपघात झाला आणि इंजिन नोंदलेलं नसलं तर कंपनी क्लेम देताना हात आखडणार. म्हणून एक रुपया खर्च करण्याआधी सांगलीच्या आरटीओत जा, कोणतं इंजिन, कुठल्या गाडीचं, किती सीसीचं, ते लिहून अर्ज दे आणि उत्तर लेखी घे. 'होऊन जाईल' असं एजंट तोंडी म्हणाला तर त्यावर जाऊ नकोस.

याच कारणानं तुझ्या मेहुण्यानं सुचवलेलं कमिन्स कंपनीचं ६बीटी इंजिन मला पसंत नाही. ६बीटी म्हणजे सहा सिलिंडर, ५८८३ सीसी. फार गुणाचं इंजिन आहे, मला स्वतःला ते अतिशय आवडतं. पण ते नुसतंच चारशे किलोच्या वर भरतं. ४०७ चा पुढचा ॲक्सल, पाटे, स्टिअरिंग, ब्रेक यातलं काहीच त्या वजनासाठी आणि त्या ताकदीसाठी केलेलं नाही. आरसीवरची सीसी जवळपास दुप्पट होणार, मग परवानगी कशी मागणार? ते नाव यादीतून आजच काढ.

तुझ्या गाडीत आहे ते ४९७. त्या आकड्यातच माहिती आहे : चार सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १०० मिलिमीटर, म्हणजे एकूण २९५६ सीसी. पुढे टाटांनी याच मापावर टर्बो आणि इंटरकूलर दिला आणि नंतर त्याचीच कॉमन रेल आवृत्ती आली, साधारण १०० पीएसची. सीसी तीच, घराणं तेच, कंपनी तीच, इंधन तेच. परवानगी मागायला याहून सरळ वाट नाही. फाउंडेशनपासून (चॅसीवर इंजिन बसतं ते आधार) हाउसिंगपर्यंत (इंजिन गिअरबॉक्सला जोडतं ते कवच) जुळवाजुळवही कमीत कमी लागेल. तरी 'घराणं एकच' म्हणून डोळे झाकून घ्यायचं नाही. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) पुढच्या ॲक्सलला घासतंय का, फॅन आणि रेडिएटरमध्ये किती बोटं उरतात, टर्बोचा पाइप स्टिअरिंग बॉक्सजवळून जातोय का, हे सगळं टेप लावून मोजायचं.

बीएस ६ चं, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतलं इंजिन मात्र घेऊ नकोस, कितीही नवं आणि कितीही स्वस्त मिळालं तरी. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांचं इंजिन एकटं नसतं. सायलेन्सरच्या जागी काजळी धरणारा फिल्टर, बऱ्याच गाड्यांत युरियाच्या द्रावणाची टाकी, तापमानाचे आणि धुराचे सेन्सर, हे सगळं एकमेकांशी बोलत असतं. त्यातलं एक जरी गप्प झालं तरी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ताकद कमी करतो. ते काढून फेकणं बेकायदा आणि हवेच्या दृष्टीनं वाईटही. ३० वर्षांच्या चॅसीवर ती सगळी मांडणी नीट बसवणं आपल्या आवाक्यातलं नाही. बीएस ४ च्या काळातलं बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन विकत घेऊ नकोस, अख्खी गाडी घे. मागून ठोकलेली किंवा पलटी झालेली, पण इंजिन शाबूत असलेली ४०७. कॉमन रेलमध्ये इंजिनाच्या लोखंडाइतकीच वायरिंगला किंमत असते. जुन्या पंपाला डिझेल मिळालं आणि सेल्फ फिरला की तो चालतो. इथं ईसीयूला क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, रेलचं प्रेशर, पाण्याचं तापमान, टर्बोचं प्रेशर, क्लच आणि ब्रेकचे स्विच, गाडीचा वेग, सगळं कळावं लागतं. ॲक्सिलरेटरला केबल नाही, पेडलमध्येच सेन्सर आहे. चावीत इमोबिलायझर असेल तर ती चावीसुद्धा त्याच गाडीची लागते. हे एकेक करून गोळा करायला गेलास तर पैसे जातातच, शिवाय वर्ष जातं. अख्खी गाडी घेतली की गिअरबॉक्स, क्लच, पेडल, मीटर, इंटरकूलर, रेडिएटर, अल्टरनेटर, व्हॅक्यूम पंप सगळं एका जागेवरून येतं. तुझी गाडीही १२ व्होल्टची, तीही १२ व्होल्टची, त्यामुळे सेल्फ आणि दिव्यांचा घोळ नाही. उरलेलं भंगार विकून थोडे पैसे परत येतील.

ती घेताना इंजिन थंड असताना चालू करून बघ. स्कॅनर लावून ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचून घे. ऑइलचं झाकण उघडून किती वाफ मारतंय बघ. मूळ आरसी, विकणाऱ्याचं ओळखपत्र, पक्कं बिल, न खोडलेला इंजिन नंबर, यातलं एक जरी नसेल तर तसाच परत ये. आणि कोणी म्हणाला, 'तिचीच चॅसी घे, नंबर तुझा ठोकू', तर त्याच्याकडे पुन्हा पाऊलही टाकू नकोस. तो सरळ गुन्हा आहे.

पैशाचं. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, ते तू विचारून घे. मी तुला प्रमाण सांगतो. समज, तू चार लाख बाजूला काढलेस. त्यातले ८० हजार आधीच उचलून ठेव आणि ते नाहीतच असं समज. ती अडचणीची रक्कम. उरले तीन लाख वीस. त्यातला निम्म्याहून जास्त भाग इंजिनात घालायचा नाही. म्हणजे भंगार विकून वजा जाता ती दुसरी गाडी दीड लाखाच्या आसपास पडली पाहिजे. बाकीचा भाग कुठं जातो ते लोकांना आधी दिसत नाही. इंजिन बाहेर आहे तोवर इंजेक्टर बेंचवर तपासणं, टर्बोच्या शाफ्टचा खेळ (ढिलेपणा) बघणं, वॉटर पंप, सगळी सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, यासाठी ५५ हजार धर. ४५ हजार टाकी, डिझेलचे पाइप, पाणी वेगळं करणारा फिल्टर, रेडिएटरचे होज आणि सायलेन्सर यांना. फाउंडेशनचं फॅब्रिकेशन, लेथचं काम, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवून बॅलन्सिंग, याला ३५. वायरिंगवाल्याला २५, आणि आरटीओ, विमा, क्रेन, टेम्पोभाडं याला १०.

यात टाकीवर काटछाट करू नकोस. जुन्या पंपाचं नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडतं, कॉमन रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या कितीतरी वर जातं आणि इंजेक्टरच्या आतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. आबांच्या काळच्या टाकीतला गंज तिथं पोचला तर चारही इंजेक्टर एका फेरीत जातील. टाकी नवीनच घ्यायची. चॅसी आणि बॅटरीमधली अर्थिंगची पट्टीही नवीन. 'सेन्सर खराब' म्हणून येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्या पट्टीपाशीच सुटतात.

आणि एक हिशोब तू अजून केलेला दिसत नाही. आहे तेच इंजिन नीट बांधून घ्यायला काय लागेल? स्लीव्ह-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड, पंप कॅलिब्रेशन, सगळं धरून मिस्त्रीकडून लेखी अंदाज घे. समज दीड लाख आला. मग नव्या इंजिनाचा खरा खर्च चार लाख नाही, वरचे अडीच लाख आहे. आता डिझेल. समज आज गाडी लिटरला ८ किलोमीटर देते आणि नव्यावर १० देईल. वर्षाला २० हजार किलोमीटर चाललास तर २५०० लिटरच्या जागी २००० लिटर. नव्वदच्या भावानं वर्षाला ४५ हजार वाचले. अडीच लाख फिटायला साडेपाच वर्षं. गाडी अंगणात उभी राहिली त्या दिवसांचं बुडालेलं भाडं याच्यावर. नुसत्या डिझेलसाठी करत असशील तर बांधून घेणं शहाणपणाचं. पण मला तुझं मन ठाऊक आहे. पुण्याहून भरून येताना खंबाटकी घाटाच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर रांगते, मागचे हॉर्न मारतात, ते तुला सहन होत नाही. आणि आबांची गाडी अजून १५ वर्षं रस्त्यावर दिसावी असं तुला वाटतं. ही कारणं मला पुरेशी आहेत. फक्त वहिनींसमोर मायलेजचं कारण पुढे करू नकोस, खरं कारण सांग. पैसे त्यांच्याही घरातले आहेत.

ताकद वाढली की ब्रेककडे आधी बघायचं. तू कराडवरून चिपळूणला माल नेतोस, कुंभार्ली घाट भरलेल्या गाडीनं उतरतोस. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो. तो किंवा त्याचा पाइप कमकुवत असेल तर पेडल दगड होतं. लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, बूस्टर हे इंजिनाआधी करून घे. त्याचे पैसे मी वरच्या चार लाखांत धरलेले नाहीत, कारण ते तुला असंही करायचंच होतं.

वेळेचं बोलू. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षांची गडबड, तेव्हा गाडीला हात लावायचा नाही. आत्ता अर्ज कर. हंगाम चालू असताना दुसरी गाडी शोध. मे महिन्यात तिचं इंजिन आणि वायरिंग उतरवून घे, प्रत्येक प्लगला चिठ्ठी बांधून आणि प्रत्येक जोडाचा फोटो काढून. मग ते इंजिन, त्याचं वायरिंग, त्याचं पेडल, त्याचं मीटर जमिनीवरच्या स्टँडवर मांडून तिथंच चालू करायचं. ते तासभर गरम होऊन कोड न दाखवता चाललं, तरच तुझ्या गाडीचं जुनं इंजिन उतरवायचं. यावर मी अडून बसणार आहे. जून-जुलैच्या पावसात भाडी कमी असतात, तेव्हा बसवू. जुनं इंजिन विकायची घाई नको. आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत ते ताडपत्रीखाली झाकून ठेव, परवानगीत काही अडलं तर परत तेच बसवता येईल.

बेंचवरची कामं, इंजेक्टर आणि पंप, कोल्हापुरात दे, तिकडे हात चांगले आहेत. प्रोपेलरचं बॅलन्सिंग मी इथं साताऱ्याच्या एमआयडीसीत करून देतो. मजुरीचं तू माझ्याशी बोलायचंच नाही.

आता लगेच एवढं कर. आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो, इंजिनावरच्या नंबरचा फोटो, आणि बॉनेट उघडून पुढून, दोन्ही बाजूंनी आणि खालून टेप लावलेले फोटो मला पाठव. रेडिएटर ते फॅन आणि चेंबर ते ॲक्सल ही मापं मिलिमीटरमध्ये लिही. मिरजेच्या बाजूला कोणी ठोकलेली ४०७ दाखवली तर टोकन देण्याआधी मला फोन कर, मी स्कॅनर घेऊन येतो.

काकूंना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
साताऱ्याचा मित्र