‘रोज चालवा’ म्हणून विकलेली गाडी जूनपासून आपल्याच वर्कशॉपमध्ये उभी आहे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
भारतातील मुख्य कार्यालय

प्रत : सर्व्हिस मॅनेजर, अधिकृत विक्रेता, पुणे

पुणे, दि. १८ ऑगस्ट २०२५

विषय : मागच्या टायरअभावी बंद पडलेली स्पोर्ट्स कूपे, अडवून ठेवलेला टायर-क्लेम आणि वॉरंटीबाबत तोंडी दिलेली धमकी.

महोदय,

हे पत्र मराठीत लिहितो आहे. इंग्रजीत पाठवलेल्या माझ्या ई-मेलना आपल्याकडून तीच ठरावीक तीन ओळींची उत्तरं येतात, तेव्हा भाषा बदलून बघावी म्हटलं. पुण्याच्या आपल्या शोरूममध्ये मराठी वाचणारे भरपूर आहेत. मुख्य कार्यालयाला अडचण आली तर त्यांच्याकडून वाचून घ्यावं.

गेल्या दसऱ्याला आपली दोन दारांची कूपे मी घेतली. सहा सिलिंडर, दोन टर्बो, ताकद फक्त मागच्या चाकांना. पूर्ण तयार होऊन परदेशातून आलेली गाडी, त्यामुळे सीमाशुल्क, आयात गाडी म्हणून रोड टॅक्सचा चढा दर, वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानेच वसूल करायचा आयकर, सगळं विनातक्रार भरलं. किंमत महाग होती, ही माझी तक्रार नाही. ती मला माहीत होती आणि परवडत होती.

बुकिंगच्या आधी मी आपल्या विक्री प्रतिनिधीला ई-मेलवर तीन प्रश्न विचारले होते. आमच्या भागातल्या स्पीडब्रेकरवरून ही गाडी जाईल का? पेट्रोल कुठलं लागेल? आणि टायर, ब्रेक पॅड, काच असल्या वस्तू भारतात मिळतात की मागवाव्या लागतात? पहिल्याचं उत्तर फोनवर आलं : “सर, ही वीकेंडची गाडी नाही, रोज ऑफिसला न्या.” दुसऱ्याचं उत्तर आलंच नाही. तिसऱ्याचं लेखी आलं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की नियमित झिजणाऱ्या सर्व वस्तू भारतात स्टॉकमध्ये असतात. या एका वाक्यावर विसंबून मी पैसे भरले.

जूनच्या शेवटच्या रविवारी साताऱ्याहून परत येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या दिशेने, सकाळची वेळ, पाऊस कोसळत होता, वेग ताशी सत्तरच्या आसपास. पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. डावं मागचं चाक आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा डॅशबोर्डवर टायर प्रेशरचा लाल दिवा पेटला होता. उतरून पाहिलं तर टायरच्या बाजूच्या भिंतीला करंगळीएवढा उभा काप. गाडीला स्टेपनी नाही. बूटमध्ये एक छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर भरायच्या द्रवाची बाटली. हा द्रव टायरच्या तळव्यात खिळा घुसला तर उपयोगी पडतो, भिंत फाटली तर नाही. तरी आपल्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी तो भरायलाच लावला. भरला. सगळा पांढरा फेस कापातून भसाभसा बाहेर येऊन रस्त्यावर पसरला, आणि मागून येणाऱ्या एका दुधाच्या टेम्पोवाल्याने थांबून विचारलं, “साहेब, गाडी धुताय का?”

पुढे आपली मोफत टोइंग सेवा. पहिली गाडी आली ती हूकवाली, पुढची चाकं उचलून मागची ओढत नेणारी. मागच्या चाकांना ताकद असलेल्या ऑटोमॅटिक गाडीला असं ओढलं तर गिअरबॉक्सची वाट लागते, हे आपल्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. मी ती परत पाठवली. दुसरी फ्लॅटबेड आली, पण तिचा उतार इतका उभा की पुढचा लिप, म्हणजे बंपरची खालची कड, आधी टेकला असता. त्या फ्लॅटबेडचा ड्रायव्हर विशीतला पोरगा. त्याने जवळच्या बांधकामावरून सेंट्रिंगच्या दोन फळ्या आणल्या, चाकांखाली सारल्या, स्वतः चिखलात आडवा पडून लिपखाली किती जागा राहते ते बघत राहिला आणि मला इंचाइंचाने गाडी चढवायला लावली. लिप आणि लोखंड यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं होतं. त्या दिवसापासून आजपर्यंत या प्रकरणात डोकं वापरलेला तो एकटाच माणूस, आणि तो आपल्या पगारावर नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कूपेला मागचे टायर २० इंची आणि पुढच्यापेक्षा रुंद आहेत, म्हणजे पुढचे मागे लावायची सोय नाही. शिवाय टायरवर आपल्या कंपनीची खास खूण असते : टायर बनवणाऱ्याने हा साचा, हे रबर आपल्या गाडीसाठी जुळवलं, एवढा तिचा अर्थ. वर्कशॉपने सांगितलं की खुणेचाच टायर लावावा लागेल, तो देशात नाही, महिना-दीड महिना लागेल. नंतर म्हणाले, सप्टेंबर. कारण विचारलं तर, “इम्पोर्टचा इश्यू आहे, सर.”

इम्पोर्टचा इश्यू मलाही कळतो. जून २०२० मध्ये नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘निर्बंधित’ यादीत गेली, तेव्हापासून त्याला परवाना लागतो, आणि वर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र. एखाद्या मालकाने परदेशातून स्वतः दोन टायर मागवावेत, हा मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. पण ही अडचण माझ्या गाडीच्या विक्रीच्या वेळी चार वर्षं जुनी होती. आपल्याला ती ठाऊक होती. म्हणजे एक तर स्टॉक ठेवायला हवा होता, नाहीतर त्या ई-मेलमध्ये तसं वाक्य लिहायला नको होतं.

माझा भोसरीत छोटा मशीन शॉप आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवतो. माझ्याकडून एक बुश वेळेवर गेलं नाही आणि ग्राहकाची लाइन थांबली, तर मिनिटांच्या हिशोबाने डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून भरपाई कापल्याचा कागद, येते आणि मी ती मुकाट सोसतो. ‘स्टील मिळालं नाही’ हे कारण मी सांगितलं तर समोरचा पर्चेसवाला हसेल. आपल्याच धंद्याच्या साखळीतल्या सर्वांत खालच्या कडीला जी शिस्त लागू आहे, ती वरच्या टोकाला माफ का?

मी स्वतः शोध घेतला. त्याच टायर कंपनीचा, त्याच मापाचा, त्याच वेगमर्यादेचा आणि भारवहन क्षमतेचा टायर, फक्त आपली खूण नसलेला, मुंबईत एका विक्रेत्याकडे जोडीने उपलब्ध होता. वर्कशॉपला विचारलं, हा लावू का? उत्तर मिळालं की लावा, पण उद्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडाचं, काही झालं तर वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही. हेच लिहून द्या म्हटलं. तेव्हापासून शांतता आहे. वॉरंटी नाकारायची असेल तर कागदावर नाकारा. तोंडी भीती घालून ग्राहकाला थोपवून धरणं ही आपल्या दर्जाच्या कंपनीला शोभणारी गोष्ट नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन आला : “सर, टायर आला, अभिनंदन!” मी सगळी कामं टाकून गेलो. एक टायर आला होता. एकच. या गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन चाकांच्या फिरण्यात फार फरक पडू न देणारं. मागच्या दोन चाकांच्या घेरात फरक पडला की ते सरळ रस्त्यावरसुद्धा विनाकारण राबत राहतं. दुसरा मागचा टायर माझा अर्धाअधिक झिजलेला. दोन्ही एकदम बदलावेत असं आपली पुस्तिका सांगते. त्या तरुण सर्व्हिस अॅडव्हायझरला ते पान मी मोबाइलवर काढून दाखवलं. मग टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचला : १९२१. म्हणजे २०२१ सालचा एकोणिसावा आठवडा. चार वर्षांहून जुना टायर, पूर्ण किमतीला, ताशी तीनशेच्या जवळ जाऊ शकणाऱ्या गाडीसाठी. मी तो घ्यायला नकार दिला, आणि ‘कस्टमर रिफ्यूज्ड पार्ट’ असा शेरा जॉब कार्डवर पडला. कोडाचा उल्लेख त्यात नाही. कोडाचा फोटो सोबत जोडला आहे.

गाडीबरोबर मी आपल्याकडूनच टायर सुरक्षा योजना घेतली होती, वेगळे पैसे देऊन. क्लेम टाकला. अट अशी, की घटनेपासून तीस दिवसांत खुणेचा टायर अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवल्याची पावती हवी. टायर आपण देणार नाही, दुसरीकडून घेऊ देणार नाही, आणि पावती नाही म्हणून क्लेम ‘होल्ड’वर. ही अट लिहिणाऱ्या गृहस्थांना एकदा भेटायची इच्छा आहे, रागाने नव्हे, कुतूहलाने.

त्या दिवशी वर्कशॉपमधून निघताना अॅडव्हायझर समजुतीच्या सुरात म्हणाला, “सर, खरं सांगू का, अशा गाड्या पावसाळ्यात कोणी बाहेर काढतच नाही.” माझी खरी तक्रार या वाक्यात आहे. विकताना ही रोजच्या वापराची गाडी असते. वर्कशॉपच्या फाटकातून आत आली की ती ‘तशी’ गाडी होते, आणि तिला जे काही होतं त्याला मालकाची हौस, रस्ता, पाऊस किंवा पेट्रोल जबाबदार असतं.

पेट्रोलचंही तसंच. मार्चमध्ये इंजिनचा दिवा लागला होता. वर्कशॉपने बिघाडाचा कोड पुसला आणि सांगितलं की इंधन बरोबर वापरा. टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर ९८ ऑक्टेनची शिफारस आहे. पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल ठरावीक पंपांवर मिळतं, ते मी शोधून भरतो, पण लांबच्या रस्त्यावर प्रत्येक पंपावर ते नसतं. मग मिळेल ते भरावं लागतं, आणि आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल. माझ्या मॉडेलला ते चालतं की नाही, याचं लेखी उत्तर बुकिंगच्या आधी मागितलं होतं. अजूनही मागतो आहे.

मी एकटाच रडतो आहे असं समजू नका. आपल्या गाड्यांच्या मालकांचा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. नाशिकच्या एका बागायतदारांची गाडी पुढच्या काचेसाठी दिवाळीपासून होळीपर्यंत झाकून ठेवलेली होती. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांच्या गाडीचा लिप त्यांच्याच सोसायटीच्या दारात दर वेळी घासतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. त्यांच्या दारातला रुंदीला हातभर आणि उंचीला वीतभर आहे. गाडीचं नाक वर उचलायची सोय फॅक्टरीतच ऑर्डर करावी लागते, नंतर बसत नाही, हे त्यांना डिलिव्हरीनंतर कळलं. रस्ते आपण बांधत नाही, मान्य. पण कुठल्या रस्त्यांवर विकतो आहोत, हे आपल्याला माहीत असतं.

आणि हे सगळं गाडी वाईट आहे म्हणून लिहीत नाही. गाडी उत्तम आहे. वाईहून पाचगणीला पसरणीचा घाट पहाटे चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना मागचा टायर रस्ता कसा पकडतो ते सीटमधून कंबरेला कळतं. स्टिअरिंग हातात सगळं सांगतं. त्यासाठी वेग लागत नाही. एक्स्प्रेसवेवर सपाट भागात मर्यादा १००, घाटात ६०, ती मी पाळतो, आणि तरीही ही गाडी रोज चालवावीशी वाटते. आपल्या इंजिनिअरांनी जे जमवलं आहे त्याला तोड नाही. म्हणूनच ती ताडपत्रीखाली, तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी बघून जास्त चीड येते. हप्ता चालू आहे, विमा चालू आहे आणि वॉरंटीचं घड्याळही चालू आहे.

माझ्या मागण्या सरळ आहेत. दोन मागचे टायर, जोडीने, गेल्या वर्षभरात बनलेले, पंधरा दिवसांत बसवून द्यावेत. ते शक्य नसेल तर खूण नसलेले समान क्षमतेचे टायर लावायला लेखी परवानगी द्यावी, त्यात वॉरंटी अबाधित राहील असं स्पष्ट लिहावं. टायर योजनेचा क्लेम तीस दिवसांची अट न लावता मंजूर करावा. जूनच्या अखेरीपासून गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा काळ वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेजमध्ये वाढवून द्यावा. जॉब कार्डवरचा तो शेरा दुरुस्त करावा. तोवर वापरायला एखादी गाडी द्यावी. कुठलीही चालेल, हॅचबॅक असली तरी, फक्त तिला स्टेपनी हवी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रार दाखल करेन. मोबदला ५० लाखांच्या वर आणि २ कोटींच्या आत असल्याने प्रकरण राज्य आयोगाकडे जाईल. मी राहतो तिथल्या अधिकारक्षेत्रात तक्रार करण्याची मुभा कायदा देतो, त्यामुळे आपल्या विक्री करारातलं ‘वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात’ हे कलम कृपया पुढे करू नये. तसंच, गाडी माझ्या वैयक्तिक नावावर आहे, फर्मच्या नाही. ‘गाडी व्यवसायासाठी घेतली, म्हणून हे ग्राहक नाहीत’ हा ‘व्यावसायिक हेतू’चा मुद्दा वकिलांनी शोधण्याआधीच सांगून ठेवतो.

विक्रीपूर्वीचा ई-मेल, टोइंगच्या दोन्ही पावत्या, टायरच्या कोडाचा फोटो, जॉब कार्ड आणि योजनेची अटी असलेली प्रत सोबत जोडली आहे. उत्तर ई-मेलवर द्यावं. फोनवर बोलायचं असेल तर जरूर बोलू, पण जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून पाठवावं लागेल.

आपला,
(सही)
गाडीचा नोंदणीकृत मालक, पुणे