मुलाचं विमान अर्धवट का राहतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एका पालकांचं पत्र आलं होतं. मुलाला लढाऊ विमानाचं मॉडेल किट (प्लास्टिकचे सुटे पार्ट चिकटवून, रंगवून करायचं छोटं विमान) आणून दिलं, त्याने दोन दिवस हात लावला, मग ते खोक्यात तसंच पडून राहिलं, आजकालच्या मुलांना चिकाटी म्हणून नाही, असा एकूण सूर होता. वाचून मला खरंच वाईट वाटलं. मी गेली २२ वर्षं हीच विमानं बनवतेय आणि माझं पक्कं मत आहे की किट अर्धवट राहतं ते चिकाटी नसते म्हणून नाही, कुठलं काम कशाच्या आधी करायचं हे त्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून राहतं.

किटमधला माहितीचा कागद बघा. १४ नंबरचा पार्ट १५ नंबरला चिकटवा, बाण इकडे, बाण तिकडे, संपलं. मुलगा सरळ मनाने तसंच करतो, विमानाच्या पोटाचे दोन्ही अर्धे भाग चिकटवून टाकतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आतली वैमानिकाची सीट, डायलचा बोर्ड, आतल्या भिंती काहीच रंगवलेलं नाही आणि आता तिथे ब्रश जातच नाही. किंवा उलटं होतं, तो सगळे पार्ट ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात त्या फ्रेमवरच हौसेने रंगवून घेतो आणि मग ते चिकटतच नाहीत. कारण हा ग्लू डिंकासारखा नसतो, तो प्लास्टिक थोडंसं विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकीत मिसळून एक होतात, मध्ये रंगाचा थर आला की तो काम कसं करणार? सांध्यापुरता रंग आधी खरवडून काढायचा असतो, ही एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण ते वाक्य मुलाला कुणी सांगत नाही.

आणखी एक. पी-३८ लाइटनिंग या अमेरिकन लढाऊ विमानासारखं नाकाखाली चाक असलेलं विमान असेल तर नाकात वजन भरावं लागतं, छोटे नट, शिशाचे तुकडे, काहीही चालतं, पण नाक बंद करायच्या आधी. नाहीतर आठवडाभर मेहनत करून मुलगा विमान टेबलावर ठेवतो आणि ते शेपटीवर बसतं. तेव्हा त्या पोराच्या मनाचं काय होत असेल सांगा.

चिकटवणं हे खरं तर पाव काम, बाकीचं सगळं रंगात आहे. यातलं सगळ्यात चालणारं माप १/७२, म्हणजे खऱ्या विमानाचे ६ फूट आपल्याकडे १ इंच. हा हिशोब मुलाला एकदा समजावून सांगा, त्याची नजरच बदलते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड, ब्रशचा तसा एक केस रंगात अडकला तर खऱ्या विमानाच्या पंखावर ५ मिलिमीटर जाड दोरी चिकटल्यासारखं ते दिसतं. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटरचा लेप झाला, पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेषा त्यात बुजून जातात. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा, पहिला हात दिला की तो डागाळलेलाच दिसणार, तो तसाच सोडायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग दुसरा हात पहिल्याला आडवा. बहुतेक मुलं (आणि मोठी माणसंसुद्धा) पहिला हात वाईट दिसतोय म्हणून ओल्यावरच परत ब्रश फिरवतात, खालचा रंग उचलला जातो, चट्टे पडतात आणि तिथेच मन उडतं. एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारं साधन) नाही म्हणून अडत नाही हो, चांगला चपटा ब्रश आणि वाळायला दिलेला वेळ एवढं पहिल्या पाच-सहा विमानांना पुरतं. फक्त एनॅमल रंग आणि थिनर वापरत असाल तर खिडकी उघडी हवी आणि नवीन ब्लेड मुलाच्या हातात असताना मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी हवंच.

डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं, त्यांचंही तसंच. खरखरीत मॅट रंगावर ते लावले की खाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी पापुद्रा दिसतो. आधी चकचकीत वार्निशचा हात, त्यावर डिकल, मग वरून मॅट. क्रम उलटा झाला की सगळं फसलं.

आता माझी गोष्ट सांगते. माझं तिसरं की चौथं किट, स्पिटफायर मार्क ९ हे ब्रिटिश लढाऊ विमान, पंखांचा पसारा जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर. त्यावर दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर केलेल्या चढाईच्या वेळचे पट्टे होते, पांढरा-काळा-पांढरा-काळा-पांढरा. एक इंजिन असलेल्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, म्हणजे माझ्या मॉडेलवर सव्वासहा मिलिमीटरच्या जरा वर. दोन रात्री मी पट्ट्या कापून मास्किंग टेप लावत होते. टेप काढली तर काळा रंग खालून पांढऱ्यात शिरलेला, कडा सगळ्या दातेरी. मी ते विमान उचलून खोक्यात टाकलं आणि चार महिने बघितलंसुद्धा नाही, अगदी त्या पत्रातल्या मुलासारखं.

मग कधीतरी त्या पट्ट्यांबद्दल वाचलं. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत मित्रराष्ट्रांच्याच तोफांनी आपलीच २३ वाहतुकीची विमानं एका रात्रीत पाडली होती, तसं परत होऊ नये म्हणून हे पट्टे ठरले, आणि गुप्तता राहावी म्हणून ते लावायचा हुकूम ६ जून १९४४ च्या अगदी दोन-तीन दिवस आधी निघाला. हजारो विमानं, हाताशी वेळ नाही, तळावरच्या ग्राउंड क्रूने हातात ब्रश घेऊन मिळेल तसे पट्टे ओढले. त्या वेळचे फोटो नीट बघा, कडा वाकड्या आहेत, कुठे काळा पांढऱ्यावर आलाय, कुठे ब्रशचे फराटे दिसतात. मी खोक्यातून माझं विमान काढलं आणि भिंगाखाली धरून बराच वेळ बघत बसले. जिथे टेपखालून रंग एकसारखा झिरपला होता तेवढं पॉलिश पेपरने हलकेच घासून काढलं आणि ते पट्टे टेप न लावता नुसत्या हाताने परत ओढले. आज माझ्या कपाटातलं मला सगळ्यात जवळचं विमान तेच आहे, कारण ते रंगवताना त्या रात्री तळावर उभी असलेली ती माणसं मला पहिल्यांदा दिसली.

टेपची युक्तीही नंतर कळली. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग, म्हणजे पांढरा, एकदा फिरवायचा, तो फट बुजवतो आणि मग काळा आत शिरत नाही. केवढीशी गोष्ट, आणि त्यासाठी माझे चार महिने गेले.

चिकाटीचंच म्हणाल तर १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळकरी मुलांकडे ५ लाख विमानं मागितली होती, माप तेच, १/७२. लाकडातून कोरायची आणि काळी रंगवायची, म्हणजे वैमानिकांना आणि तोफेवरच्या जवानांना नुसत्या आकारावरून आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं ओळखायला शिकवता येईल. ती मुलं काही वेगळ्या मातीची नव्हती. त्यांना नकाशे दिले होते, आकार तपासायचे साचे दिले होते आणि शाळेच्या वर्कशॉपमध्ये शेजारी शिकवणारं माणूस उभं होतं.

त्या पालकांना तुमच्या पानातून एवढं कळवाल का. ते खोकं टाकू नका, कुणाला देऊन पण टाकू नका. मुलाला रागावू नका, फक्त विचारा की कुठे अडलास. पोट आधीच चिकटवलं असेल तर कॉकपिटवरची काच बंद ठेवून चालतं, आतलं फारसं दिसत नाही. रंग जाड झाला असेल आणि तो अॅक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बराचसा निघतो, परत सुरुवात करता येते. आणि ती पारदर्शक काच आत्ताच फ्रेमसकट काढून वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा, बाकी पार्टांबरोबर राहिली तर तिच्यावर चरे पडतात, आणि ती लावताना सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने काच धुरकट होते, साधा पांढरा ग्लू घ्या, तो वाळला की दिसतही नाही.

आपली,
एक नियमित वाचक